पाळी आली नाही म्हणून गरज नाही? ‘अनमेट नीड’ची व्याख्या वाचताना

पेटची तयारी करणाऱ्यांना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते : सिनॉप्सिसमध्ये आकडा टाकायच्या आधी त्याची व्याख्या वाचा. आज एक व्याख्या सोबतच वाचू. कुटुंब नियोजनावरच्या बहुतेक सिनॉप्सिसमध्ये पहिल्याच पानावर ‘अनमेट नीड’, म्हणजे अपूर्ण गरज, हा शब्द असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (एनएफएचएस-5, 2019-21) भारतासाठी हा आकडा 9.4 टक्के आहे. आपण त्याचा अर्थ असा घेतो : मूल नकोय किंवा इतक्यात नकोय, तरी कुठलंच साधन वापरत नाहीत अशा 15 ते 49 वयाच्या विवाहित बायका.

अर्थ सरळ वाटतो. पण बाळंतिणीला हा अर्थ लावला की तो अडखळतो.

माझ्या मावसबहिणीचं उदाहरण देते, तिला विचारूनच. ताईचं पहिलं बाळंतपण माहेरी, सोलापुरात झालं. बाळ हवंच होतं. पाचव्या महिन्यात ती अक्कलकोट तालुक्यात सासरी गेली. सातव्या महिन्यात बाळाचं उष्टावण झालं. पुढचं मूल तीन वर्षांनी हवं, हे नवरा-बायकोचं ठरलेलं होतं. साधनाबद्दल मात्र ‘पाळी सुरू झाली की बघू’. बाळ अकरा महिन्यांचं असताना उलट्या सुरू झाल्या, म्हणून दवाखान्यात गेली, तर तिसरा महिना संपत आलेला. ती म्हणाली, “पाळी आलीच नव्हती, मग चुकली हे कळणार कसं?”

आता समजा, उष्टावणाच्या दिवशी सर्वेक्षणवाल्या बाई दारात आल्या असत्या. ताई कुठल्या रकान्यात गेली असती?

एनएफएचएस सध्या जी व्याख्या वापरतं, ती सारा ब्रॅडली आणि सहकाऱ्यांनी 2012 साली सुधारलेली आहे. तिच्यात बाळंतपणानंतर दोन वर्षांच्या आत असलेल्या, पाळी न आलेल्या आणि साधन न वापरणाऱ्या बाईसाठी वेगळी वाट आहे. तिला पुढचं मूल कधी हवं आहे, यावर वर्गवारी होत नाही. झालेलं बाळ तेव्हा हवं होतं का, यावर होते. ‘हवं होतं’ असेल तर अपूर्ण गरज नाही. ‘नंतर हवं होतं’ असेल तर अंतर ठेवण्याची गरज. ‘नकोच होतं’ असेल तर मुलं थांबवण्याची गरज.

म्हणजे ताईला अपूर्ण गरज ‘नाही’. दुसऱ्या दिवशी पाळी आली असती, तर तिच्या इच्छेत काही फरक न पडता ती ‘आहे’च्या रकान्यात गेली असती. आणि प्रत्यक्षात झालं तसं, गरोदर राहिल्यावर ‘हे नंतर हवं होतं’ असं तिनं सांगितलं असतं, तरी ‘आहे’मध्ये गेली असती. धोका होता तेव्हा ती मोजली गेली नाही, धोका घडून गेल्यावर मोजली गेली. माझा मुख्य आक्षेप हा आहे.

व्याख्या करणाऱ्यांचीही बाजू आहे. पाळी बंद असताना गर्भधारणेची शक्यता कमी असते, त्यामुळे अशा बायकांना गरोदर बायकांसारखंच धरलं जातं आणि मागच्या गर्भधारणेबद्दल विचारलं जातं. सगळ्या देशांत, सगळ्या फेऱ्यांत एकच नियम राहिला की तुलना करता येते. हे मान्य. पण या मांडणीत दोन कच्चे दुवे आहेत.

पहिला शरीराचा. स्तनपानामुळे मिळणाऱ्या संरक्षणाबद्दल 1988 साली इटलीत बेलाजिओ इथे तज्ज्ञांचं एकमत झालं. तीन अटी एकत्र पाळल्या तर संरक्षण सुमारे 98 टक्के : पाळी आलेली नाही, बाळ पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण अंगावरच्या दुधावर आहे, आणि बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे. उष्टावण झालं की यातल्या दोन अटी गेल्या. शिवाय बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर येते. बाळ अंगावर पीत नसेल तर चौथ्या आठवड्यातही बीज सुटू शकतं. म्हणजे पाळीची वाट बघणं ही खात्रीची खूण नाहीच. व्याख्येत मात्र पाळी न येण्याला दोन वर्षांपर्यंत मान आहे.

दुसरा दुवा उत्तराचा. मांडीवर खेळणाऱ्या बाळाबद्दल ‘हे नको होतं’ असं कुठली आई परक्या बाईला सांगेल?

मग उलटी पद्धत घ्यावी का? जॉन रॉस आणि विल्यम विनफ्री यांनी 2001 साली 27 देशांची आकडेवारी बाईच्या पुढच्या इच्छेवरून मोजली. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात जवळपास दोन तृतीयांश बायकांची गरज अपूर्ण निघाली. इच्छेच्या दृष्टीनं ही पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते. पण ती सरसकट जास्त मोजते. ताई माहेरी होती, बाळ तीन महिन्यांचं, फक्त अंगावरच्या दुधावर आणि नवरा अक्कलकोटला; तेव्हाही ती गरजवंतच ठरली असती. नवरा सोबत राहतो का, हा प्रश्न एनएफएचएसच्या प्रश्नावलीत असतो, पण विवाहितांच्या अपूर्ण गरजेच्या हिशोबात त्याचं उत्तर घेतलं जात नाही. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची रीत असताना ही त्रुटी बारीक म्हणता येत नाही.

हा वाद नुसता कागदावरचा नाही, कारण साधनांना वेळेची गणितं आहेत. तांबी बसवायची तर बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत, नाहीतर सहा आठवड्यांनंतर. ऑपरेशन सात दिवसांच्या आत, नाहीतर तेही सहा आठवड्यांनंतर. अंगावर पाजणाऱ्या आईला अंतरा इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर, आणि नेहमीच्या मिश्र हार्मोनच्या गोळ्या बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर. छाया गोळीत हार्मोन नसल्यामुळे तिला ही अडचण नाही. यातलं काय घ्यायचं, काही घ्यायचं की नाही, हे बाईनं गरोदरपणातच शांतपणे ठरवायला हवं; कळा सुरू झाल्यावर विचारणं म्हणजे संमती नव्हे. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेसाठी किमान 24 महिने थांबायला सांगते. त्या हिशोबानं ‘पाळी आल्यावर बघू’ म्हणणारी बाई सगळ्यात आधी दिसायला हवी. आपला आकडा तिलाच ‘गरज नाही’ म्हणतो.

तर या विषयावर काम करणार असाल, तर प्रश्नावलीत या चार गोष्टी वेगवेगळ्या विचारा : पुढचं मूल कधी हवं, पाळी आली का, बाळ किती महिन्यांचं आणि काय काय खातं-पितं, बाळगुटी आणि पाणी धरून, बाई सध्या माहेरी की सासरी आणि परत कधी जाणार. मग दोन्ही व्याख्यांनी आकडा काढा आणि दोन्ही छापा. दोघांतला फरक कुठल्या बायकांमुळे पडतो ते शोधा. तिथेच तुमचा संशोधन प्रश्न असेल. गाईडनी ‘एकच आकडा द्या’ म्हटलं, तर कुठला आणि का, हे एका वाक्यात लिहायची तयारी ठेवा.

ताईचा धाकटा आता चालायला लागलाय. लाडका आहे. उद्या कुणी सर्वेक्षणवाल्या बाईंनी विचारलं तर ती काय सांगेल, हे मी तिला विचारलं. ती हसून म्हणाली, “हवाच होता म्हणून सांगेन की.”