फर्निचर कुणाचं, कचरा कुणाचा

'द एज्युकेटर्स' हा 2004 सालचा हान्स वाइनगार्टनरचा जर्मन सिनेमा चळवळीतल्या काही पोरांनी डोक्यावर घेतलाय. बर्लिनमधले यान आणि पेटर रात्री श्रीमंतांच्या रिकाम्या बंगल्यात शिरतात. चोरी करत नाहीत. खुर्च्यांचा मनोरा रचतात, सामान उलटंपालटं करतात आणि तुमचे चैनीचे दिवस भरले अशा अर्थाची चिठ्ठी ठेवून निघून जातात.

पोरं प्रामाणिक आहेत, त्यांच्या रागाबद्दल शंका नाही. पण दोस्तहो, आपल्या वस्तीत हा प्रयोग करायचा म्हटला तर आधी फर्निचर इकत आणावं लागंल!

त्या सिनेमात मला भिडली ती युले. हॉटेलात ताटं उचलणारी. मोटारीचा विमा नाही, धडक नेमकी एका बड्या माणसाच्या मर्सिडीजला, आणि डोक्यावर जवळजवळ लाख युरोचं कर्ज. त्याची एक गाडी गेली, हिची सगळी जवानी हप्त्यात. सांगली-साताऱ्याच्या फडात उचल फेडायला कोयता चालवणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. दिग्दर्शकानं मात्र तिला दोन मित्रांच्या प्रेमाच्या त्रांगड्यात अडकवलं आणि कर्ज मागं पडलं.

चंगळवाद नको म्हणायचं, पण कुणी कुणाला म्हणायचं? 1901 साली साताऱ्याहून निघालेला शाळकरी भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर मसूर स्टेशनवर उतरला. वडील खटाव भागात कामाला होते, त्यांच्याकडं निघालेली ही पोरं. अंगात नवे सदरे, पायात नवे बूट, डोक्यावर झगमगीत टोप्या. स्टेशनमास्तरला वाटलं बामणाची पोरं. महार म्हटल्याबरोबर त्याचा चेहराच बदलला. दुप्पट भाडं कबूल केलं तरी गाडीवान हाकायला तयार न्हाई, पोरांनी स्वतः बैल हाकले. हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय. आणि 1927 च्या डिसेंबरात महाडला त्यांनी बायांना सांगितलं, जातीची खूण पटवणारं लुगडं नेसणं आणि ते दागिने सोडा. साध्या राहणीची सक्ती आपल्यावर पिढ्यान् पिढ्या झालीय. आता कुणी बंगल्यातून येऊन तिला तत्त्वज्ञान म्हणू लागला तर त्याचं ऐकून घ्यायचं कारण नाही.

म्हणून त्या जर्मन पोरांशेजारी आनंद पटवर्धनचा 'जय भीम कॉम्रेड' (2011) ठेवून बघा. चौदा वर्षं खपून केलेला माहितीपट. 11 जुलै 1997 ला मुंबईत रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेनं गळफास घेतला. डाव्या संघटनेनं बाजूला काढलेला हा लाल शाहीर मरताना डोक्याला निळं कापड बांधून गेला. ते का, या प्रश्नाभोवती सगळा सिनेमा फिरतो.

यात मुंबईचा कचरा उचलणारी आपली माणसं आहेत. शहर खातं, वापरतं, फेकतं, आणि ते सगळं यांच्या अंगावर येतं. चंगळवादावर यापेक्षा जळजळीत टीका मी पडद्यावर पाहिलेली नाही, आणि त्यात चंगळवाद हा शब्दसुद्धा नाही. जर्मन पोरांना श्रीमंताचा सोफा दिसला, पण त्याच्या घरचा कचरा कोण उचलतं हे दिसलं नाही.

मग येतात कबीर कला मंचाची पोरं. 2002 च्या गुजरातनंतर पुण्यात उभी राहिलेली, डफ घेऊन वस्तीवस्तीत जाणारी. शीतल साठे तर पुण्याच्या कासेवाडी झोपडपट्टीतलीच. यांना गरिबीचं सोंग घ्यावं लागत नाही. जर्मन सिनेमाच्या शेवटी पोलीस दार फोडतात तर खोली रिकामी, प्रेक्षक खूश. इथं 2 एप्रिल 2013 ला गरोदर शीतल आणि सचिन माळी स्वतः विधान भवनासमोर जाऊन उभे राहिले. तिला जूनमध्ये जामीन मिळाला, सचिनला 2017 उजाडावं लागलं. मंचाच्या सागर गोरखे, रमेश गायचोर, ज्योती जगताप यांना 2020 च्या सप्टेंबरात भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झाली.

तक्रार आहे. सिनेमा तीन तासांच्या घरात जातो आणि पुढाऱ्यांची भाषणं त्यातला लई वेळ खातात. मंचाची पोरं उशिरा येतात. ती गाताना दिसतात, पण दिवस कसा काढतात, खोलीचं भाडं कोण भरतं, एकमेकांशी भांडतात कशावरून, हे निसटतं. शीतलची आई कॅमेऱ्यासमोर येते तेव्हा वाटतं, आता कळंल. तिच्यापाशी कॅमेरा आणखी थांबायला हवा होता. पोरगी भूमिगत झाल्यावर त्या घरात चूल कशी पेटत होती, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.