साभार परत

भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' 1963 साली आली, तेव्हा ते पंचविशीत होते. हे वाचल्यापासून आमच्या राजगुरुनगरात (जुनी माणसं अजून खेडच म्हणतात) मला स्वस्थ झोप लागेना. आपली पंचविशी तर केव्हाच उलटलेली! वीस दिवसांत तीनशे पानं हातावेगळी केली. प्रकाशकांनी तितक्याच तत्परतेनं ती परत धाडली. पुढं आणखी चौघांनी.

चूक माझीच. 'कोसला'तला उर्मटपणा तेवढा मी उचलला. पांडुरंग सांगवीकर भल्याभल्यांची टर उडवतो, ते मजेदार आहेच. पण पुस्तक उभं राहतं ते धाकट्या बहिणीच्या मरणामुळं. तिथं तो विनोद करत नाही, शहाणपण सांगत नाही, नुसता कोलमडतो. मधली डायरी मात्र मला आजही लांबलेली वाटते. असो, आम्हांला विचारतो कोण!

शिवाय पुढची 'बिढार' आली 1975 साली. ही मधली बारा वर्षं मी सोयिस्करपणे वाचलीच नव्हती.

"अहो, तुमचा नायक डेक्कनवर बंगल्यात राहतो," आमची ही म्हणाली. "तुम्ही तिथल्या बंगल्यात कधी चहा तरी प्यालात का? आणि मामंजी कुठं आहेत यात?"

वडील नव्हतेच. चाकणच्या बाजारात जन्मभर कांदा तोलणारा माणूस. तीनशे पानांत त्यांना मी कुठं टेकू दिलं नव्हतं. का, तर लोक काय म्हणतील!

आता पाठकोऱ्या कागदांवर त्यांच्या तराजूपासून सुरुवात केलीय. महिनाभरात पानं झालीत चार. ही म्हणते, अक्षर सुधारलंय.