नसलेल्या पत्त्याचं उत्तर

आजचा विषय वरवर अगदी किरकोळ वाटेल. एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता टाइप करताना एक अक्षर चुकतं, आणि ‘असा पत्ता सापडत नाही’ असं ब्राउझरने सांगण्याऐवजी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचंच पान समोर येतं. वर शोधाची चौकट, खाली जाहिराती. आपण ते बंद करतो, अक्षर सुधारतो आणि कामाला लागतो. यावर व्याख्यान कशाला, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. आमचं म्हणणं एवढंच, की त्या पानापेक्षा ते पान उघडावं म्हणून मागे काय केलं गेलं, ते पाहू.

नाव सांगितलं की त्याचा क्रमांक सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. पॉल मॉकापेट्रिस यांनी ती १९८३ साली मांडली. या यंत्रणेला ‘हा घ्या क्रमांक’ असं सांगता येतं, तसंच ‘असं नावच अस्तित्वात नाही’ असंही सांगता येतं. या दुसऱ्या उत्तराला तिथे स्वतंत्र संकेत आहे. म्हणजे नकार हा बिघाड नव्हे, तेही ठरवून दिलेलं उत्तर आहे. फोनवर ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ असं ऐकू आलं, तर फोन बिघडला असं आपण म्हणतो का? आणि त्याऐवजी एखाद्या दुकानदाराने फोन उचलून ‘बोला, काय देऊ?’ म्हटलं तर?

कंपन्या याला ‘मदत’ म्हणतात. ग्राहक चुकला, त्याला वाट दाखवली. पण वाट दाखवणाऱ्या पाटीवर जाहिराती का असतात, आणि त्यांचे पैसे कुणाला मिळतात, हे विचारलं की ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं होतं. बरं, पैशाचं सोडून देऊ. या मदतीत मूळचीच एक चूक आहे: पत्ता विचारणारा नेहमी ब्राउझरसमोर बसलेला माणूस असतो, असं तिने गृहीत धरलेलं असतं. डीएनएसला विचारणा मेल सर्व्हर करतो, कचेरीतला प्रिंटर करतो, रात्री आपोआप चालणारे प्रोग्रॅम करतात. त्यांना शोधाची चौकट काय कामाची? त्यांना ‘नाही’ हे उत्तरच हवं असतं, कारण पुढचं पाऊल त्यावरच ठरतं.

हा प्रकार सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाला तो मात्र एखाद्या आयएसपीकडून नव्हे, तर जिच्याकडे डॉट कॉम आणि डॉट नेटची नोंदवहीच आहे त्या व्हेरिसाइन कंपनीकडून. १५ सप्टेंबर २००३ रोजी त्यांनी ‘साइट फाइंडर’ सुरू केलं. नोंद नसलेलं कुठलंही नाव विचारा, उत्तर म्हणून त्यांच्याच यंत्राचा क्रमांक मिळू लागला. एका दिवसात या दोन्ही विभागांतलं प्रत्येक नाव ‘अस्तित्वात’ आलं! पाठवणाऱ्याचं डोमेन खरं आहे का, हे पाहून स्पॅम अडवणाऱ्या गाळण्यांचा आधारच गेला. चुकीच्या पत्त्यावरची मेल जागीच परत फिरायची, ती आता आधी व्हेरिसाइनच्या दारात जाऊ लागली. तिथे ती नाकारायला ‘स्नबी’ नावाचा एक प्रोग्रॅम बसवला होता. समोरचा काय म्हणतोय ते न पाहता तो ठरलेल्या क्रमाने ठरलेली उत्तरं द्यायचा. पण तोवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता त्या यंत्रापर्यंत पोचलेला असायचा.

तंत्रज्ञ खवळले. बाइंड या डीएनएसच्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्ये काही दिवसांतच ही खोटी उत्तरं गाळण्याची सोय आली. आयकॅनने तंबी दिली आणि ४ ऑक्टोबरला साइट फाइंडर थांबलं. गंमत अशी, की २००४ मध्ये कोर्टात गेली ती व्हेरिसाइन, आयकॅनविरुद्ध.

पण कल्पना मेली नाही. ती एक पायरी खाली, आयएसपींकडे आली. तिथे धोका वेगळाच निघाला. अमेरिकेतल्या अर्थलिंकने हे काम बेअरफ्रूट या कंपनीकडे सोपवलं होतं. २००८ साली डॅन कामिन्स्की यांनी दाखवलं, की खऱ्या, नामांकित संकेतस्थळाच्या नावापुढे नसलेलं उपनाव जोडलं तरी उत्तर या जाहिरातवाल्यांचा सर्व्हर देतो, आणि त्या सर्व्हरवर एक भोक आहे. ब्राउझरच्या दृष्टीने ते पान त्या खऱ्या संकेतस्थळाच्याच घरातलं. म्हणजे चोराला संकेतस्थळ फोडायची गरजच नाही; ग्राहकाच्या आयएसपीने शेजारी जी बनावट खोली बांधली, तिथून आत शिरता येतं. ज्याचं नाव वापरलं त्या संकेतस्थळाच्या मालकाला तर कुणी विचारलंही नव्हतं.

‘नको असेल तर बंद करा, सोय दिलीय’ असाही एक बचाव असतो. काही ठिकाणी ही सोय म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली एक कुकी होती. डीएनएसचं उत्तर खोटं ते खोटंच. फक्त कुकी दिसली की कंपनीचा सर्व्हर जाहिरातीऐवजी ब्राउझरच्या त्रुटीच्या पानाची नक्कल दाखवायचा. खोटं झाकायला दुसरं खोटं, आणि त्याला नाव ‘ग्राहकाची निवड’.

कॉमकास्टचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. २००९ मध्ये त्यांनी ‘डोमेन हेल्पर’ आणलं आणि जानेवारी २०१२ मध्ये बंद केलं, कारण त्यांनी डीएनएससेक लागू केलं. डीएनएससेकमध्ये उत्तरावर सही असते, ‘नाही’ या उत्तरावरसुद्धा. सही तपासायची आणि मधे उत्तरही बदलायचं, हे एका घरात नांदत नाही.

मग आपण काय करावं? आधी तपासा. काहीतरी निरर्थक अक्षरं जुळवून पुढे डॉट कॉम लावा आणि एनएसलुकअप या आज्ञेने विचारा. क्रमांक मिळाला तर कुणीतरी मधे बसलंय. ब्राउझरवर विसंबू नका: आता पत्त्याच्या चौकटीत चुकलं की बरेचदा तोच शोधयंत्राकडे नेतो. म्हणजे जाहिरातीचा पैसा वरच्या मजल्यावर गेला, पण तिथे निदान डीएनएसचं उत्तर खोटं होत नाही. पत्ता एचटीटीपीएसचा असेल तर जाहिरातीऐवजी प्रमाणपत्राची भीतिदायक सूचना येते. साध्या ‘नाही’चा ‘धोका’ होतो.

उपाय म्हणजे राउटरमध्ये डीएनएस बदलणं. गुगलने डिसेंबर २००९ मध्ये ८.८.८.८ सुरू केलं, तेव्हा असं वळवणार नाही हे स्पष्ट सांगितलं होतं. पण निवडताना नीट पाहा. आयएसपीला कंटाळून लोक ओपनडीएनएसकडे गेले, तर तिथेही २०१४ पर्यंत नसलेल्या नावांवर जाहिरातीचं पान होतंच. आगीतून फुफाट्यात! राउटरमध्ये काहीही लिहिलं तरी आयएसपी वाटेतच विचारणा अडवून स्वतःचं उत्तर देऊ शकतो. तेव्हा कूटबद्ध डीएनएस लागतं. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ ही सेटिंग त्यासाठीच आहे. अर्थात, आपण कुठली नावं विचारतो याची यादी मग आयएसपीऐवजी त्या दुसऱ्या कंपनीकडे जमते. हा सौदा आम्हाला पूर्ण पटलेला नाही, तरी आज आम्ही तोच सुचवू. आणि आयएसपीला लेखी तक्रार देताना ‘जाहिराती बंद करा’ एवढंच लिहू नका. ‘नसलेल्या नावाला नाही म्हणा’ असं लिहा. नाहीतर ती कुकीच मिळेल.