घोट्याच्या अस्थिभंगातील रोपण-साहित्य : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

घोट्याच्या अस्थिभंगात सरकलेले हाड जागेवर आणून पट्टी व स्क्रू यांनी स्थिर केले जाते. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या ‘एओ’ गटाने या पद्धतीस शास्त्रीय शिस्त दिली. यासाठी वापरले जाणारे ३१६एल पोलाद मजबूत व तुलनेने स्वस्त आहे. मात्र त्यात निकेल असते. टायटॅनियम मिश्रधातूची ताठरता पोलादाच्या सुमारे निम्मी असून ती हाडाच्या अधिक जवळ जाते. परंतु किंमत वाढते.

घोट्याच्या बाहेरील बाजूस हाडावरील त्वचेचे आवरण पातळ असते. तेथे धातू कोणताही असो, पट्टी बोचू शकते व ती काढण्यासाठी काही रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. ही दुसरी शस्त्रक्रिया टाळणे हेच विरघळणाऱ्या रोपणांचे मुख्य आश्वासन होते. हेलसिंकीच्या रोक्कानेन व सहकाऱ्यांनी घोट्याच्या अस्थिभंगातील त्यांचे प्रारंभिक निष्कर्ष १९८५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. पुढे पॉलिग्लायकोलाइडमुळे काही रुग्णांत दाह होऊन जखमेतून स्राव वाहू लागल्याचे फिनलंडमधूनच नोंदले गेले. सावकाश विरघळणारे पॉलिलॅक्टाइड वर्षानुवर्षे शरीरात राहते; त्यामुळे प्रतिक्रिया उशिरा उद्भवू शकते.

तात्पर्य, साहित्याचे नावीन्य हा गुणवत्तेचा पुरावा ठरत नाही. रुग्ण वेदनेविना चालू लागला काय आणि त्यास पुन्हा शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागले काय, हेच मूल्यमापनाचे खरे निकष होत.