‘कृश-मेदस्वी’ देहाची संकल्पना आणि संप्रेरकांची साक्ष : एक चिकित्सा

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मांडलेली ‘थिन-फॅट इंडियन’ ही संकल्पना मराठी आरोग्यलेखनातही रुळली आहे. वरून सडपातळ, आतून मेदस्वी असा भारतीय देह तीत अभिप्रेत आहे. ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेले याज्ञिक व जॉन यूडकिन यांचे छायाचित्र सर्वत्र उद्धृत होते. दोघांचा देहवस्तुमान निर्देशांक २२.३; शरीरातील मेद मात्र यूडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के. (साखरेचे टीकाकार जॉन यूडकिन हे निराळे; ते १९९५ मध्ये निवर्तले. साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यात ही गल्लत व्हायची.) छायाचित्र बोलके आहे, परंतु दोन देहांवरून सिद्धान्त उभा राहत नाही.

खरा आधार २००२ च्या अभ्यासाचा आहे. त्यात पुण्यातील १५७ व लंडनमधील ६७ नवजात अर्भकांची तुलना केली आहे. पुण्याची बाळे सरासरी ६७० ग्रॅमने हलकी होती. तरीही पाठीवरील त्वचेखालचा मेद त्या मानाने टिकून होता. नाळेच्या रक्तातील लेप्टिन लंडनच्या बाळांइतकेच, तर इन्सुलिन अधिक आढळले.

ही दोन संप्रेरके एकाच पंक्तीत बसवता येत नाहीत. लेप्टिन मुख्यतः मेदपेशीच स्रवतात. म्हणून ते मेदाची खूण ठरते, कारण नव्हे. इन्सुलिनची गोष्ट वेगळी. हॉवर्ड ग्रीन व सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या उंदराच्या पेशींवर असे दिसते की, इन्सुलिन आणि कॉर्टिसॉलसदृश स्टेरॉईड यांच्या प्रभावाखाली पूर्वमेदपेशी मेदपेशी बनतात. पीपीएआर-गॅमा हे प्रथिन त्या रूपांतराचे मुख्य नियंत्रक होय. तेव्हा गर्भातील वाढीव इन्सुलिनमुळे नव्या मेदपेशी घडत असाव्यात, हा तर्क सयुक्तिक आहे. मात्र त्वचेच्या घडीची जाडी मोजून पेशींची संख्या वाढली की आकार, हे कळत नाही. शिवाय इन्सुलिन आणि मेद एकाच क्षणी मोजल्याने आधी कोण, हा प्रश्न शिल्लक राहतो.

मराठी लेखनात मेदपेशीची निर्मिती हाच जणू अपराध ठरतो, हे अधिक खटकते. पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचे औषध पीपीएआर-गॅमाला चालना देते. त्याने त्वचेखालील मेद व वजन वाढते, तरीही रक्तशर्करा सुधारते. नव्या पेशी मेद सामावून घेतात. त्या अपुऱ्या पडल्यास तो यकृतात व स्नायूंत साचतो. म्हणजे प्रश्न मेद किती याइतकाच तो कोठे साठतो याचाही आहे.

‘भारतीय देह’ हा शब्दही तपासून घ्यावा लागेल. पुणे परिसरातील सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासात गर्भवतीचे जड श्रम आणि बाळाचे कमी वजन यांचा संबंध दिसला. हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध यांचे सेवन असलेल्या मातांची बाळे मोठी होती. पाथर्डी-शेवगावातून ऊसतोडीला जाणाऱ्या गर्भवतीच्या संदर्भात हे निष्कर्ष त्या छायाचित्रापेक्षा अधिक उपयोगाचे आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि व्याख्यानांत मात्र छायाचित्रच येते.