दत्तक कोण, पालक कोण?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात ‘कुटुंब दत्तक कार्यक्रम’ आणला. विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी खेड्यातली काही कुटुंबे दत्तक घ्यायची, पुढेही त्यांच्याकडे जात राहायचे आणि रक्तदाब, रक्तक्षय, लसीकरण, पाणी, शौचालय यांच्या नोंदी ठेवायच्या, असे त्याचे स्वरूप आहे. हेतूविषयी वाद नाही. वाद ‘दत्तक’ या शब्दाशी आहे.

आपल्याकडे दत्तकाला नाव मिळते, घर मिळते, वारसाहक्क मिळतो आणि हे नाते जन्मभराचे असते. इथे मात्र ‘दत्तक’ कुटुंब आपल्याच घरात राहते आणि विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो. कुटुंबाने त्याला वेळ दिला, बोटातले रक्त दिले, घरातल्या दुखण्यांची माहिती दिली. देणारे घर दत्तक आणि घेणारा पालक, ही उलटी भाषा आली कुठून?

ती आजची नाही. भोर समितीने १९४६ मध्येच समाजाभिमुख डॉक्टर घडवण्याचा आग्रह धरला होता. १९७७च्या वैद्यकीय शिक्षण पुनर्रचना योजनेत प्रत्येक महाविद्यालयाकडे विकासगट सोपवायचे ठरले, त्यासाठी फिरत्या दवाखान्यांच्या गाड्याही आल्या. गाड्या गावात गेल्या, पण शिकवण्याचा अधिकार रुग्णालयातच राहिला. योजना बहुतेक ठिकाणी रुजली नाही, याचे एक कारण मला इथे दिसते.

महाराष्ट्रात याहून वेगळे दोन प्रयोग झाले. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात (स्थापना १९६९) प्रत्येक तुकडीला एक गाव ठरवून दिले जाते आणि विद्यार्थी शिबिरासाठी तिथे मुक्काम करतात. शब्द तिथेही ‘दत्तक’च आहे, पण मुक्कामाने फरक पडतो. पाणी कधी येते, बाई स्वतः कधी जेवते, हे दुपारच्या तासाभराच्या भेटीत कळत नाही. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७०पासून आणखी पुढचे पाऊल टाकले. गावानेच निवडलेल्या, पुष्कळदा निरक्षर असलेल्या बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या आणि पुढे देशोदेशींहून येणाऱ्या प्रशिक्षणार्थींना त्याच शिकवू लागल्या. तिथे गाव हा धड्याचा विषय राहिला नाही; ते शिक्षकाच्या जागी आले.

कुटुंब दत्तक कार्यक्रमाची कसोटी इथेच आहे. विद्यार्थ्याच्या नोंदवहीवर सही अध्यापकाची होते. त्या घरातल्या बाईला ‘हा मुलगा काय शिकला?’ असे विचारायला काय हरकत आहे? गोळा केलेली माहिती ग्रामसभेत वाचून दाखवावी, आशाताईंना शिक्षक म्हणून मान आणि मानधन द्यावे, विद्यार्थी गेल्यावर त्या घराचा पाठपुरावा कोण करणार हे आधी ठरवावे. एवढे झाले नाही, तर गावाच्या वाट्याला दरवर्षी नवे चेहरे आणि तेच जुने प्रश्न येतील.

माझ्या मते नाव बदलावे हेच बरे. विद्यार्थ्याने कुटुंब दत्तक घेऊ नये. कुटुंबाने त्याला काही काळ शिकायला ठेवून घेतले आहे, एवढे त्याच्या मनावर पहिल्या दिवशी बिंबवावे. मग उंबरठ्याबाहेर चपला काढताना तो पाहुण्यासारखा नव्हे, शिकाऊ उमेदवारासारखा आत जाईल.