वारा प्रवाहाला सामील

सॅमन आणि ट्राउट सोडले तर गोड्या पाण्यातल्या बाकी बहुतेक माशांना इंग्लंडात ‘कोर्स फिश’ म्हणतात. रोच, चब, ब्रीम, बार्बेल ही सगळी मंडळी त्यातली. या भेदाला थोडा सामाजिक वर्गाचा वासही आहे. पकडलेला मासा बहुधा पुन्हा पाण्यातच सोडतात, त्यामुळे काठावरून बघायचं ते हाताचं कसब. हवा चांगली असली तर ते झाकून जातं. खरं बघायचं तर नॉटिंगहॅमच्या खाली, ट्रेंट नदीवर, जानेवारीत, नैर्ऋत्येचा वारा आणि बोचरा पाऊस असताना.

तिथे नदी साधारण ईशान्येला वाहते, म्हणजे हा वारा प्रवाहाला सामील. ऐकणाऱ्याला वाटेल, मग तर सोपंच! पण ‘स्टिक फ्लोट’ने, म्हणजे दोरीवरच्या काडीसारख्या तरंगत्या खुणेने, गळ टाकणाऱ्याचा खरा वैरी हाच वारा.

नदीचं पाणी वर वेगाने धावतं, तळाशी मात्र रेंगाळतं. रोच थंडीत तळाजवळ असतो आणि आमिषही तळाच्या चालीने आलं तरच तोंड उघडतो. फ्लोट मोकळा सोडला तर तो वरच्या वेगाने पळतो आणि गळाला फरफटत नेतो. म्हणून त्याला धरून ठेवायचं. रिळावरून सुटणारी दोरी तर्जनीच्या टोकाने अडवत, सोडत, फ्लोटला पाण्यापेक्षा किंचित मागे ठेवायचं. पतंगाला ढील देणारं बोट ज्याने पाहिलंय त्याला हे लगेच कळेल. समोरून, म्हणजे खालच्या अंगाने, वारा असेल तर तो दोरी मागे रेटून बोटाला मदतच करतो. नैर्ऋत्येचा वारा मात्र तीच दोरी फ्लोटच्या पुढे फुगवतो, आणि तो फुगवटा फ्लोटला ओढू लागतो.

मग सुरू होते ती खरी बघण्याची गोष्ट. फ्लोट दहा-बारा हात गेला की काठीचं टोक वर उठतं, दोरी पाण्यावरून अलगद सुटते आणि वरच्या बाजूला जाऊन पडते. फ्लोटचं लाल टोक मात्र हलत नाही. हललं, तर ती फेरी वाया. त्यात पाऊस, ओल्या काठीला बारीक दोरी चिकटते, सुटताना हिसका बसतो. प्रत्येक फेरीला पाच-सहा अळ्या चारा म्हणून पाण्यात, जास्त नाहीत. थंड पाण्यात माशाचं पोट लवकर भरतं. गळाच्या वर दोरीवर सारख्या अंतराने चिमटलेले बारीक मणी, त्यांना तिथे ‘शर्टाची बटणं’ म्हणतात. 1987 पासून हे वजन शिशाचं विकता येत नाही, कारण काठावर सांडलेलं शिसं गिळून हंस मरत होते. अगदी बारीक मणी मात्र बंदीतून सुटले.

जुने लोक ट्रेंटच्या ज्या हिवाळ्यांच्या आठवणी काढतात ते निराळेच होते. काठावरच्या वीजकेंद्रांचं कोमट पाणी नदीत यायचं आणि कडाक्यातही रोच खात राहायचा. तिथल्या रॅटक्लिफ केंद्राची भट्टी 30 सप्टेंबर 2024 ला थंड झाली. ब्रिटनमधलं कोळशावरचं ते शेवटचं. आज नदीला ती ऊब नाही, आणि कसब जास्त लागतं.

एक गोष्ट मात्र खटकते. अशा वाऱ्यात स्टिक फ्लोटचा हट्ट धरणं मला अदाकारी वाटते, जाणकारी नाही. वारा वाढला की पट्टीचा माणूस ‘वॅगलर’ लावतो: फक्त खालच्या टोकाला दोरीत अडकवलेला लांब फ्लोट. टाकल्यावर काठीचं टोक पाण्यात बुडवून दोरी खाली दाबायची. बुडालेल्या दोरीला वारा काय करणार? फ्लोट धरून ठेवण्याची ऐट यात गेली, आमिषाची चालही थोडी जलद झाली. ती भरून काढायला तो खोली वीतभर वाढवतो, खालची दोरी तळावर घासत नेतो. त्याने दिसायला देखणा खेळ सोडला, आणि माझ्या लेखी दिवसभरातली सगळ्यात सुंदर चाल तीच.